परड्यातला फाल्गुन

'वसंत ऋतूत शेतकरी बी पेरतो, म्हणून वसंत हा आशेचा ऋतू आहे', अशा अर्थाचे वाक्य विद्यार्थ्यांच्या निबंधांतून मी गेली कित्येक वर्षे वाचत आलो आहे. वर्ग बदलतात, मुले बदलतात, वाक्य तेवढे टिकून राहते. ते लिहिणारी मुले बहुधा मोरणेच्या खोऱ्यातली, ढेबेवाडीकडची किंवा कोयनाकाठच्या वाड्यांतली असतात. त्यांच्या घरी त्या दिवसांत पेरणीचे नावही नसते. त्यांचे आईबाप उतारावरच्या खाचरांत राब भाजत असतात, उकिरडा उपसत असतात, जळण गोळा करत असतात. मुलांना हे ठाऊक नसते असे मुळीच नाही. परंतु कागद पुढ्यात आला की ती डोळ्यांनी पाहिलेला ऋतू बाजूला ठेवतात आणि पुस्तकातून आलेला ऋतू लिहितात.

पुस्तकातून आलेले वसंत तसे दोन आहेत. एक थंड देशांतला. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते, बर्फ वितळल्यावर ती मऊ होते आणि माणसे लगोलग बी टाकतात. दुसरा संस्कृत काव्यपरंपरेतला, आम्रमंजिरी, कोकिळ आणि मदन यांचा. पहिल्यात कामाची घाई आहे, दुसऱ्यात काम जवळजवळ नाहीच. आमच्याकडचा वसंत या दोहोंत नीट बसत नाही. पंचांगाने तर फाल्गुन शिशिरात घातला आहे, आणि रंगांचा उत्सव मात्र फाल्गुनातच होतो. दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्र' (१९५६) लिहिताना चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका मराठी महिन्याचा स्वतंत्र विचार केला, हे मला म्हणूनच फार महत्त्वाचे वाटते. ऋतूचे नाव घेतले की संकेत पुढे येतो. महिन्याचे नाव घेतले की अंगण पुढे येते. मी इथे अंगणाच्याही मागे जाणार आहे, परड्यात.

पाटण हे कोयना आणि केरा या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले गाव. पूर्वेला चाळीसेक किलोमीटरवर कराड, तिथे उसाचा सपाट मुलूख. पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर कोयनानगर, जिथे वर्षाला ४००० ते ५००० मिलिमीटर पाऊस पडतो. कराडला तो हजाराच्या आतच आटोपतो. या दोहोंच्या मधोमध असल्यामुळे आमच्याकडे देशावरची कोरडी थंडीही आहे आणि घाटमाथ्यावरून उतरून येणारी झडही आहे. घरामागच्या जागेला इथे 'परडं' म्हणतात. 'परसबाग' हा शब्द आम्हांला शाळेच्या पुस्तकात भेटला. परसबागेत हौस आहे. परड्यात मोरीचे पाणी आहे, उकिरडा आहे, कोंबड्यांचे खुराडे आहे, आणि या सगळ्यांच्या आधाराने उगवणारी भाजी आहे. आमचे परडे पाऊण गुंठाही भरणार नाही. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि एक केळ, कुंपणाला शेवगा, दाराशी कढीलिंब, आणि मधल्या मोकळ्या जागेत पावट्याचा मांडव, एवढाच त्याचा पसारा.

हिवाळा संपल्यावर हे परडे 'तयार' करायचे म्हणजे काय करायचे, याचा क्रम आईच्या हातात बसलेला आहे. संक्रांतीनंतर पावटा आणि घेवडा फुलायचे थांबतात, पाने पिवळी पडतात. माघात वेल खालून सुकत जातो. तो लगेच उपटायचा नाही. बियाण्यासाठी राखलेल्या शेंगा वेलावरच खडखडीत वाळू द्यायच्या. या शेंगा मांडवाच्या मधल्या उंचीवरच्या, भरदार आणि किडीने न शिवलेल्या अशा आधीच हेरून ठेवलेल्या असतात. त्यांना चिंधी बांधलेली असते, म्हणजे भाजीसाठी कोणी चुकून तोडू नये. मग शेंगा सोलायच्या, बी दोन दिवस उन्हात टाकायचे, थंड झाल्यावर चुलीच्या राखेत घोळवून डब्यात भरायचे. राखेमुळे भुंगा लागत नाही. भोपळ्याचे आणि दोडक्याचे बी पूर्वी शेणाच्या गोळ्यात दाबून भिंतीला थापून ठेवत. आता भिंतीला रंग आहे, त्यामुळे ते बी औषधाच्या रिकाम्या बाटलीत जाते. त्यानंतर मांडवाच्या काठ्या सोडवायच्या, कुजलेल्या चुलीला आणि धडधाकट माळ्यावर. होळी येईपर्यंत परडे असे पार उघडे पडते.

आणि मग खणणी. इथे पाटण तालुक्याच्या घराघरांतली एक गोष्ट सांगणे भाग आहे. या डोंगराळ तालुक्यातले पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईला ओझी वाहायला गेले. माथाडी कामगारांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, आणि त्या चळवळीतूनच १९६९चा माथाडी कायदा आला. माझे वडीलही माथाडी होते. आधी मशीद बंदरला, बाजार हलल्यावर तुर्भ्याला. घरी आई, आम्ही दोघे भाऊ आणि हे परडे. वर्षभर परडे आईचे असे. पेरणे, पाणी घालणे, निंदणे, तोडणे, उरलेली भाजी सोमवारच्या बाजारात नेऊन चार पैसे करणे, सारे तिचे. पण हिवाळ्यात दगड होऊन बसलेली माती फोडण्याचे काम वडिलांसाठी राखून ठेवलेले असे. शिमगा किंवा चैत्रातली गावची यात्रा यांतल्या एकाला ते यायचेच. आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे परड्यातून टिकावाचा आवाज सुरू होई. आम्हांला त्या आवाजानेच जाग येई.

मला पुढे वाटत आले आहे की त्या दोघांचा संसार मुख्यतः या दोन दिवसांच्या खणणीत झाला. वडील टिकाव मारत, आई मागून ढेकळे उलटी करत असे. उलटी करता करता हराळीची मुळे आणि लव्हाळ्याचे गड्डे वेचून बाजूला टाकी. दहा महिन्यांचे बोलणे त्या कामात होई. कोणाचे देणे राहिले, कोणाचे लग्न ठरले, पोरांची फी किती. तोंडे मातीकडे असत, त्यामुळे अवघड गोष्टीही बोलल्या जात. मनिऑर्डरच्या फॉर्मवरच्या दोन ओळींत जे मावत नसे ते परड्यात मावत असे.

खणून झाले की लगेच काही लावायचे नाही, हा या सगळ्या तयारीतला मुख्य नियम. ढेकळे तशीच उन्हाला टाकायची. त्यांतून हुमणीचे कोष आणि निजलेले भुंगेरे वर येतात, ते कोंबड्या आणि साळुंक्या टिपतात. लव्हाळ्याचे गड्डे सुकतात. मातीत दडलेली कीड आणि बुरशी उन्हाने मरते. इस्राएलमधल्या शास्त्रज्ञांनी १९७६ साली जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून ती उन्हात तापवण्याच्या पद्धतीवर संशोधन प्रसिद्ध केले; पुढे जगभर त्या पद्धतीचा अभ्यास झाला. त्यासाठी साधारण चार ते सहा आठवड्यांचे कडक ऊन लागते, असे मानले जाते. आईकडे प्लास्टिक नाही, त्यामुळे तिची माती तेवढी तापत नसणार. पण तिचा हिशोब पाहा. फाल्गुनी पौर्णिमेची होळी ते वैशाख शुद्ध तृतीयेची अखिती हे अंतर जवळजवळ सात आठवड्यांचे आहे. तेवढे दिवस माती उघडी.

या सात आठवड्यांत तिच्यात काही घालायचे असते ते शेणखत, आणि तेही वर्षभर मुरलेले. कच्चे शेण घातले तर वाळवी येते. आमच्याकडे म्हैस होती तोवर उकिरडा घरचा होता. आता दोन पाट्या खत शेजारून आणावे लागते. परड्याचा उतार नदीकडे आहे, म्हणून खालच्या कडेला दगडांची गुडघाभर उंच ताल आहे. तिचे निसटलेले दगड याच दिवसांत पुन्हा बसवायचे, नाही तर मृगाच्या पहिल्या सरीत वर्षभराचे खत कोयनेला अर्पण होते. ज्यांचे मूळ गाव आमच्याच जिल्ह्यातले कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये डोंगरावरून वाहून येणारे सुपीक सत्त्व शेतात अडवण्यासाठी ताली आणि बंधारे घालण्याची योजना मांडली होती, आणि त्या कामाला सरकारने पलटणीतली आणि पोलिसांतली माणसे लावावीत असे सुचवले होते. हे प्रकरण मी वर्गात शिकवतो तेव्हा मुलांना ते समाजसुधारणेचे वाटते. परड्याची ताल बसवताना ते शेतीचे वाटते, आणि त्या दोन गोष्टी फुल्यांनी वेगळ्या मानल्याच नव्हत्या हे ध्यानात येते.

अखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आळी घालतात. हातभर रुंद गोल खड्डा, त्यात खत आणि तापलेली माती, कडेला मातीचा कठडा, मधे चार-पाच बिया. भोपळा, दोडका, कारले, काकडी. आळ्याला न्हाणीचे पाणी वळवले की झाले. ज्येष्ठात पाऊस येतो तेव्हा वेल मांडवाला पोचलेला असतो, आणि आषाढातल्या बेंदराला, बैलांच्या सणाला, पहिले फळ हाती येते. अखितीपासून आषाढी पौर्णिमेपर्यंत दिवस मोजले तर सत्तरएक भरतात. वेलवर्गीय भाज्यांना फळावर यायला साधारण तेवढाच काळ लागतो. सात आठवडे उन्हाचे, दहा आठवडे वेलाचे. सणांची नावे ही या मोजणीची खुणेची बोटे आहेत. वसंतात पेरणी नसते असे मी म्हणालो ते म्हणूनच थोडे दुरुस्त करून घ्यायला हवे. पेरणी आहे; पण मूठभर बियांची, वसंताच्या उत्तरार्धातली, आणि तिच्या आधी एक मोठे रिकामपण आहे. निबंधातल्या वाक्यातून गळते ते हे रिकामपण.

त्या रिकामपणाविषयी मला अधिक लिहायचे आहे, कारण या वर्षी आमच्या घरात वाद झाला तो त्यावरूनच.

वडील जाऊन तीन वर्षे झाली. दादा कोपरखैरण्याला असतो. शिमग्याला तो आला तेव्हा परडे नेहमीप्रमाणे उघडे पडले होते. वेल काढलेले, काठ्या माळ्यावर गेलेल्या, एका कडेला पाचोळ्याचा ढीग. त्याने उभ्याउभ्या मोजणी केली आणि म्हणाला, की या जागेवर पेव्हर ब्लॉक बसवून घेऊ, खर्च सगळा मी करतो. त्याच्या बोलण्यात व्यवहार होता आणि मायाही होती. गेल्या श्रावणात आई शेवाळावरून घसरली होती. अळवात फुरसे निघाले होते. तिचे वय आता बाहत्तर, तिला खाली बसवत नाही. आणि टिकाव मारणारे माणूस आता घरात उरलेले नाही; मी मारतो तो खडू धरणाऱ्या हाताने. दादाच्या एकाही मुद्द्याला माझ्याजवळ चोख उत्तर नव्हते.

मात्र एक गोष्ट मला त्या दिवसापासून दिसू लागली. आमच्या आळीत गेल्या दहा वर्षांत जी परडी बुजली ती बहुतेक फाल्गुन ते वैशाख या महिन्यांतच बुजली. बांधकामाला हे दिवस कोरडे असतात, मुंबईची माणसे गावी आलेली असतात, हाती बोनसचे पैसे असतात, ही कारणे आहेतच. पण मला वाटते, आणखी एक कारण डोळ्यांचे आहे. श्रावणात दोडक्याने लगडलेल्या मांडवाकडे पाहून इथे फरशी घालू असे कोणाला सुचत नाही. पौषात पावटा फुललेला असताना सुचत नाही. परडे जेव्हा पुढच्या वर्षासाठी तयार होत असते, नेमके तेव्हाच ते निकामी दिसते. तयारी आणि ओसाडी यांचे बाह्यरूप एकच असते, आणि फरक ठाऊक असावा लागतो.

हालाच्या 'गाथासप्तशती'तल्या, म्हणजे दोन सहस्रकांच्या आसपास जुन्या महाराष्ट्री प्राकृतातल्या, एका नायिकेला भाताची शेते पिकून पांढरी पडल्याचे दुःख होते, कारण आडोसा गेला. तिची सखी तिला शणाच्या शेताकडे बोट दाखवते. एक पीक उठले तरी दुसरे उभे आहे. शृंगाराच्या अंगाने ही गाथा पुष्कळदा शिकवली जाते. मला तिच्यात आता शेती जाणणाऱ्या माणसाची नजर दिसते. रिकाम्या होणाऱ्या शेताकडे पाहताना जिला पुढचे पीक दिसते ती सखी, आणि जिला केवळ रिकामपण दिसते ती नायिका. आपण सगळे हळूहळू नायिकेच्या बाजूला सरकत आहोत. वाचकाने हसावे, पण हे खरे आहे.

दादा बोलत होता तेव्हा आई ओसरीवर बसून चिंध्या बांधलेल्या शेंगा सोलत होती. तिने त्याचे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मोकळी न्हाई रं ती. दम खातीया माती." दादा म्हणाला, "आई, तुझ्यासाठीच म्हणतोय ना मी." त्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "घर हाललं तवा कुठं बसलो हुतो आमी? परड्यातच की."

हे वाक्य आमच्या घरात फारसे उच्चारले जात नाही. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे, साडेचारला काही मिनिटे कमी असताना, कोयनेचा भूकंप झाला. आई तेव्हा चौदा वर्षांची होती. तिचे माहेर कोयनानगरच्या अलीकडच्या एका वाडीत. दगडमातीच्या भिंती आत कोसळल्या. बाहेर पडता आले ती माणसे मागच्या दाराने परड्यात आली आणि पावट्याच्या मांडवाखाली बसली. मार्गशीर्षाची थंडी होती, वेल ऐन भरात होता. नंतरही धक्के येत राहिले, म्हणून छपराखाली झोपायला कोणी धजेना. काठ्या तयार होत्या, त्यांच्यावर पेंढा आणि घोंगड्या टाकून तिथेच बिऱ्हाड झाले. आई सांगते, की डोक्यावरचा वेल वाळेपर्यंत ते तिथे राहिले; त्या वर्षी बियाण्याच्या शेंगा निजल्यानिजल्या हाताला लागत. होळीनंतर तिच्या वडिलांनी तीच जागा खणली, आणि अखितीला तिथेच आळी घातली. राहते घर पुन्हा उभे राहायला त्यापुढे दोन वर्षे गेली. आमच्या परड्यात आज जो पावटा आहे तो त्या वाडीतला. लग्नानंतर आई तो पदराच्या गाठीत बांधून घेऊन आली.

मोकळी जागा हा तिच्या लेखी घराचाच एक भाग आहे, आणि तोही सर्वांत भरवशाचा, हे मला तेव्हा समजले. भिंती घराला आकार देतात. पण ज्या मुलुखात जमीन हलते तिथे घराला न बांधलेला एक भाग लागतो. मराठीत आपण 'रिकामी' आणि 'मोकळी' असे दोन शब्द जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो. रिकाम्या जागेला काही तरी हवे असते. मोकळ्या जागेत काही तरी होऊ शकते. शब्दकोशात हा भेद सापडेल की नाही कोण जाणे, परड्यात तो आहे. तसेच 'दम खाणे', 'मुरणे', 'तापणे', 'वाफसा येणे' हे शब्द. मी ते बोलीभाषेच्या तासाला फळ्यावर लिहितो, मुले वहीत उतरवून घेतात. पण हे सारे थांबण्याचे शब्द आहेत, आणि जिथे थांबण्याजोगी जागा उरत नाही तिथे त्यांचा अर्थ फार काळ तग धरील असे वाटत नाही.

वादाचा निकाल लागला असे म्हणता येणार नाही. मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत चार फूट रुंदीची वाट फरशीची करून घेतली, तिच्या कडेला आईला धरायला लोखंडी दांडी बसवली. अळू न्हाणीपासून लांब, खालच्या तालीकडे नेले. पाणी तिकडे वळवले. उरलेले परडे खणले. पहिल्या दिवशी मी एकटा होतो, दुसऱ्या दिवशी दादाने न बोलता टिकाव घेतला. तो माझ्यापेक्षा बरा मारतो, वडिलांसारखा, खांद्यातून. आई फरशीच्या वाटेवर खुर्ची टाकून बसली होती आणि ढेकूळ कुठे फुटले नाही ते काठीने दाखवत होती. जाताना दादा म्हणाला, की पुढच्या वर्षी बघू. आईने त्याच्या पिशवीत पावट्याचे पसाभर बी घातले. कोपरखैरण्याच्या चौथ्या मजल्यावर ते कुठे लावायचे, हे दोघांपैकी कोणीच विचारले नाही.

सध्या दुपारी परड्यात पाय ठेववत नाही इतकी माती तापते. ढेकळांचा रंग काळपट तांबड्यावरून राखेसारखा झाला आहे. शेजारचे कोणी ना कोणी डोकावून विचारते, की यंदा काही लावले नाही का. आई सांगते, की लावायचंय अजून. अखितीला पाच आठवडे आहेत.